डीएनए आणि आरएनए घडवणारी एन्झाइमं : पॉलिमरेजबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा फेरीफेरीने दुप्पट करत वाढवणं), सिक्वेन्सिंग (डीएनएतल्या बेसचा क्रम वाचणं), क्लोनिंग (एखाद्या तुकड्याच्या प्रती जिवाणूत वाढवणं), कोविडची चाचणी, एमआरएनए लस. यातल्या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी कुठलं ना कुठलं पॉलिमरेज राबत असतं. बायोटेक्नॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना या एन्झाइमांची नावं पाठ असतात, पण अमुक कामाला कोणतं घ्यायचं असं विचारलं की गाडी अडते. माझं म्हणणं एवढंच आहे की पॉलिमरेज निवडायचं तर आधी त्याचा स्वभाव माहीत हवा. ते कोणत्या जीवातून आलं, तिथे काय काम करत होतं, त्याला काय जमतं आणि काय अजिबात जमत नाही? प्रयोगशाळेतले बहुतेक उपयोग या स्वभावातूनच निघाले आहेत.

पॉलिमरेज नेमकं काय करतं?

एक साखळी वाचत वाचत तिची जोडीदार साखळी बांधतं. समोर ए असेल तर टी (आरएनए असेल तर यू), जी असेल तर सी. एक न्यूक्लिओटाइड ट्रायफॉस्फेट आत येतो, वाढत्या साखळीच्या ३' टोकावरचा हायड्रॉक्सिल गट त्याच्या सगळ्यात आतल्या फॉस्फेटला जोडला जातो आणि उरलेले दोन फॉस्फेट पायरोफॉस्फेट म्हणून सुटतात. त्यामुळे नवी साखळी ५' टोकाकडून ३' टोकाकडे वाढत जाते. या रसायनाला मॅग्नेशियमचे आयन लागतात. पीसीआरच्या बफरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड का असतं, याचं उत्तर इथेच आहे.

रचनेच्या बाबतीत बहुतेक पॉलिमरेज अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखी दिसतात. तळव्यात रासायनिक काम चालतं, अंगठा डीएनएला धरून ठेवतो आणि बोटं नव्या न्यूक्लिओटाइडवर मिटतात. जोडी बरोबर बसली तरच बोटं नीट मिटतात, चुकीची असेल तर काम रेंगाळतं आणि तो न्यूक्लिओटाइड निसटून जाण्याची शक्यता वाढते. १९८५ मध्ये थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने क्लेनो फ्रॅगमेंटची (ई. कोलाय या जिवाणूच्या एका पॉलिमरेजचा तुकडा, तो पुढे येईलच) रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा हे रूप पहिल्यांदा दिसलं.

डीएनए पॉलिमरेज आणि आरएनए पॉलिमरेज यांच्यात कामाच्या दृष्टीने फरक काय?

सगळ्यात मोठा फरक सुरुवातीचा. डीएनए पॉलिमरेजला शून्यातून सुरुवात करता येत नाही, त्याला आधीपासून एक छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, लागतो. आरएनए पॉलिमरेज प्रोमोटर (जनुकाच्या आधीची, सुरुवात कुठून करायची ते सांगणारी खूण) ओळखून स्वतःच पहिला न्यूक्लिओटाइड ठेवतं. डीएनए पॉलिमरेजची ही अडचण प्रयोगशाळेसाठी वरदान ठरली. प्रायमर आपण ठरवायचा, म्हणजे कॉपी कुठून सुरू होईल हेही आपणच ठरवतो. पीसीआरची सगळी कल्पना यावर उभी आहे.

दुसरा फरक अचूकतेचा. ई. कोलायचं मुख्य एन्झाइम, पॉलिमरेज ३, सेकंदाला साधारण १,००० बेस जोडतं. नुसत्या निवडीत त्याची लाखात एखादी चूक होते. चुकीचा बेस मागे वळून कापून टाकण्याची त्याची सोय (याला प्रूफरीडिंग म्हणतात) धरली, तर कोटीत एक. त्यानंतर पेशीची दुरुस्ती यंत्रणा येते आणि चुकांचं प्रमाण अब्जात एखादीवर जातं. आरएनए पॉलिमरेज याहून पुष्कळ संथ आणि जास्त चुका करणारं असतं, आणि पेशीला ते परवडतं, कारण आरएनए काही वेळाने मोडलाच जाणार असतो.

पहिलं पॉलिमरेज कोणी शोधलं?

आर्थर कोर्नबर्ग यांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. ई. कोलायच्या अर्कात किरणोत्सारी थायमिडीन घालून ते डीएनएत जातं का हे ते पाहत होते. अगदी थोडं गेलं, पण गेलं. त्या अंधुक खुणेच्या मागे लागून त्यांनी एन्झाइम शुद्ध केलं. १९५९ चं नोबेल त्यांना आणि सेव्हेरो ओचोआ यांना मिळून देण्यात आलं.

पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात, याची मला खंत वाटते. ओचोआ यांनी शोधलेलं पॉलिन्यूक्लिओटाइड फॉस्फोरिलेज परीक्षानळीत आरएनए बांधतं खरं, पण टेम्प्लेट, म्हणजे समोरची मूळ साखळी, न वाचता. पेशीत त्याचं मुख्य काम आरएनए मोडण्याचं आहे, हे नंतर कळलं. म्हणून त्याचं मोल कमी झालं का? मुळीच नाही. टेम्प्लेट लागत नसल्यामुळेच नुसत्या यूची लांब साखळी त्याने सहज बनवता आली. १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइन्रिख मथाई यांनी अशी साखळी वापरून जनुकीय संकेताचा पहिला शब्द उलगडला: यूयूयू म्हणजे फेनिलअॅलॅनिन. हरगोविंद खोराना यांनी त्यापुढे छोटे डीएनए तुकडे रसायनाने जोडले, डीएनए पॉलिमरेजने ते वाढवले, आरएनए पॉलिमरेजने त्यांचे आरएनए बनवले आणि संकेताचे बाकीचे शब्द लावायला मोठी मदत केली. १९६८ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

कोर्नबर्ग यांच्या एन्झाइमचंही असंच झालं. १९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डी लुचिया यांनी ई. कोलायचा असा म्युटंट (जनुकात बदल झालेला वाण) शोधला, ज्यात या एन्झाइमची क्रिया जवळजवळ नव्हतीच. तरीही तो व्यवस्थित वाढत होता! फक्त अतिनील किरणांपुढे टिकत नव्हता. म्हणजे हे एन्झाइम मुख्यतः दुरुस्तीचं, डीएनएची प्रत काढणारं मुख्य एन्झाइम वेगळंच. १९७०-७१ मध्ये पॉलिमरेज २ आणि ३ सापडली, आणि त्यात कोर्नबर्ग यांचे चिरंजीव थॉमस यांचा मोठा हात होता. दुसरे चिरंजीव रॉजर यांना आरएनए पॉलिमरेज २ वरच्या कामासाठी २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

क्लेनो फ्रॅगमेंट म्हणजे काय? आज कोणी वापरतं का?

ई. कोलायच्या पॉलिमरेज १ ला तीन कामं येतात: साखळी वाढवणं, प्रूफरीडिंग करणं आणि पुढ्यात आलेली जुनी साखळी ५' बाजूने कुरतडणं. सबटिलिसिन या प्रोटीएजने (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने) त्याचे दोन तुकडे केले की मोठ्या तुकड्यात पहिली दोन कामं शिल्लक राहतात. हाच क्लेनो. फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या डायडीऑक्सी सिक्वेन्सिंगमध्ये हेच एन्झाइम होतं. आजही रिस्ट्रिक्शन एन्झाइमने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या) कापलेली चिकट टोकं भरून बोथट करायला आणि प्रोब (हवा तो डीएनए शोधून त्याला चिकटणारा तुकडा) लेबल करायला ते लागतं.

टॅक पॉलिमरेज एवढं गाजलं कशामुळे?

उकळत्याच्या जवळ जाणारं तापमान सहन करतं म्हणून. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांमधून थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९७६ मध्ये अॅलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी त्याचं डीएनए पॉलिमरेज शुद्ध केलं, तेच हे टॅक. तेव्हा पीसीआर अस्तित्वातच नव्हता.

कॅरी मुलिस यांना पीसीआर सुचला १९८३ मध्ये. सुरुवातीचे पीसीआर क्लेनो वापरून होत. डीएनएच्या दोन साखळ्या सोडवायला ९५ अंशांच्या आसपास तापवायचं, त्यात क्लेनो मरायचं, मग प्रत्येक फेरीला ट्यूब उघडून ताजं एन्झाइम घालायचं. शिवाय ३७ अंशांवर प्रायमर नको तिथेही चिकटायचे आणि जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) भलतेच बँड, म्हणजे तुकड्यांचे पट्टे, यायचे. टॅकचं आवडतं तापमान ७२ ते ७५ अंश आणि ९५ अंशांवरही त्याचं अर्धं बळ शिल्लक राहतं साधारण ४० मिनिटांनंतर. १९८८ मध्ये टॅकवरचा पीसीआर प्रसिद्ध झाला आणि ट्यूब एकदा बंद केली की थेट जेलच्या वेळी उघडायची सोय झाली. गरम झऱ्यात काय जगतं, या निव्वळ कुतूहलापोटी केलेल्या कामातून हे हाती आलं. कशाला उपयोगी पडेल हे आधी सांगता न येणाऱ्या संशोधनाला पैसा का द्यावा, असा प्रश्न कोणी केला तर मी हे उदाहरण देतो.

टॅक चुका करतं म्हणतात. मग सगळीकडे प्रूफरीडिंगचंच एन्झाइम का वापरू नये?

टॅकला प्रूफरीडिंग येत नाही हे खरं. लाख बेसमागे एक चूक असा सौम्य हिशोब धरू. १,००० बेसचा तुकडा, प्रत्यक्षात २५ वेळा दुप्पट झाला, तर शेवटी दर रेणूमागे सरासरी पाव चूक पडते. म्हणजे पाचातल्या एकाहून किंचित जास्त रेणूंमध्ये निदान एक बेस चुकलेला असतो. काही बफरमध्ये प्रमाण याहून वाईट असतं.

याचा फटका कधी बसतो? क्लोन करून त्यातून प्रोटीन बनवायचं असेल तेव्हा, कारण क्लोन एकाच रेणूपासून येतो. तिथे पीएफयू घ्यावं. ते पायरोकॉकस फ्युरिओसस या जीवाचं आहे. हा जीव इटलीच्या व्हल्कॅनो बेटाजवळच्या गरम सागरी गाळात सापडला आणि १०० अंशांच्या आसपास मजेत वाढतो. पीएफयू प्रूफरीडिंग करतं, पण संथ आहे: टॅकला हजार बेसला एक मिनिट देतात, तर याला दोन. नव्या संकरित एन्झाइमांनी हा संथपणा बराच घालवला आहे.

जनुक आहे की नाही एवढंच जेलवर बघायचं असेल, तर टॅक पुरेसं आहे आणि स्वस्तही. तिथे महागडं एन्झाइम वापरणं म्हणजे विभागाचे पैसे वाया घालवणं. शिवाय टॅकच्या दोन सवयी अशा आहेत की त्यांचा आपल्याला थेट फायदा होतो. एक, तुकड्याच्या ३' टोकाला ते एक जास्तीचा ए लावतं, म्हणून टी टोकाच्या व्हेक्टरमध्ये (तुकडा जिवाणूत नेणाऱ्या वाहक डीएनएत) तो सरळ बसतो. (पीएफयूचा तुकडा बोथट असतो, तो या व्हेक्टरमध्ये बसणार नाही. मुलं इथे हमखास फसतात.) दोन, टॅक पुढ्यातली साखळी ५' बाजूने कुरतडतं. टॅकमॅन प्रोब याच सवयीवर चालतो: प्रोब कुरतडला गेला की चमकणारा रंग त्याच्या दाबणाऱ्या जोडीदारापासून सुटतो आणि यंत्राला उजेड दिसतो.

कोविडच्या आरटी-पीसीआरमध्ये कोणती एन्झाइमं होती?

दोन. कोरोना विषाणूचा जीनोम आरएनएचा आणि टॅकला मुख्यतः डीएनए वाचता येतो. म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनएवरून डीएनए बनवतं, मग टॅक तो वाढवतं. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांना, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडलं, तेही कर्करोगकारक आरएनए विषाणूंत. माहिती फक्त डीएनएकडून आरएनएकडे जाते, ही त्या वेळची समजूत यामुळे मोडली. टेमिन आणि बाल्टिमोर यांना १९७५ चं नोबेल मिळालं. पुढे एचआयव्हीही याच एन्झाइमवर जगतो हे समजलं आणि झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, टेनोफोव्हिर ही औषधं त्यालाच अडवणारी निघाली.

भारतातला पहिला कोविड रुग्ण जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या तपासणीनेच निश्चित झाला. मार्चमध्ये मंजुरी मिळालेलं पहिलं भारतीय बनावटीचं किटही पुण्याच्या मायलॅब कंपनीचं.

अहवालातला सीटी म्हणजे उजेड ठरलेल्या रेषेवर किती फेऱ्यांनी पोचला तो आकडा. दर फेरीला डीएनए जवळपास दुप्पट होतो, म्हणून सीटीमध्ये साधारण ३.३ चा फरक म्हणजे मूळ आरएनएत दहापट फरक. पण घशातून काडी कशी फिरवली यावरही तो आकडा हलतो. दोन वेगळ्या लॅबचे सीटी शेजारी ठेवून आजार वाढला की उतरला हे ठरवू नये.

टीबीच्या तपासणीशी पॉलिमरेजचा काय संबंध?

दुहेरी संबंध आहे, आणि मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

टीबीचं बिनीचं औषध रिफॅम्पिसिन. गोळी सुरू झाली की लघवी केशरी होते, ते हेच. हे औषध जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजच्या बीटा भागावर, नवा आरएनए बाहेर पडण्याच्या वाटेत जाऊन बसतं. एन्झाइम दोन-तीन न्यूक्लिओटाइड जोडतं आणि पुढे वाट बंद. माणसाच्या आरएनए पॉलिमरेजवर त्या जागी ते बसत नाही, म्हणून रुग्णाच्या पेशींचं काम चालू राहतं.

आता हा बीटा भाग बनवणाऱ्या, जिवाणूच्या आरपीओबी जनुकात एखादा बेस बदलला, तर औषधाला बसायची जागाच बिघडते आणि जिवाणू औषधाला दाद देत नाही. असे बहुतेक बदल या जनुकाच्या ८१ बेसच्या एका छोट्या पट्ट्यात होतात. तेवढाच पट्टा पीसीआरने वाढवून वाचला की रिफॅम्पिसिन चालेल की नाही ते कळतं. सरकारी दवाखान्यात ज्याला सीबीनॅट म्हणतात, ते यंत्र हेच करतं, सुमारे दोन तासांत. बेडक्यातला जिवाणू कल्चरमध्ये वाढवून औषधं तपासायची तर कित्येक आठवडे जातात, आणि तेवढे दिवस रुग्ण कदाचित निरुपयोगी गोळ्या घेत राहतो आणि घरात आजार पसरवत राहतो.

गोव्याच्या मोलबायो डायग्नोस्टिक्सचं ट्रुनॅट यंत्र याच तत्त्वावर, पण लहान आणि बॅटरीवर चालणारं आहे, त्यामुळे ते तालुक्याच्या पातळीपर्यंत नेता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. एका पॉलिमरेजमधला बिघाड दुसऱ्या पॉलिमरेजने शोधायचा आणि त्यावरून माणसाचं औषध ठरवायचं, हे आज आपल्या जिल्हा रुग्णालयात रोज घडतं. वर्गात शिकवताना हे उदाहरण गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

टी७ आरएनए पॉलिमरेज कुठे वापरतात?

दोन ठिकाणी. टी७ हा ई. कोलायवर वाढणारा विषाणू. त्याचं आरएनए पॉलिमरेज एकाच प्रोटीनचं आहे, झपाट्याने काम करतं आणि १७ बेसचा आपला स्वतःचा प्रोमोटर सोडून दुसरीकडे फारसं बघत नाही. म्हणून ते जनुक घातलेला ई. कोलाय (बीएल२१ डीई३) घ्यायचा, आपलं जनुक टी७ प्रोमोटरपुढे बसवायचं, आयपीटीजी (ते जनुक चालू करणारं रसायन) घातलं की पेशी बहुतांशी आपलंच प्रोटीन बनवायला लागते.

दुसरं ठिकाण म्हणजे एमआरएनए लस. लसीचा आरएनए पेशीत वाढवत नाहीत. टाकीत डीएनए टेम्प्लेट, चार न्यूक्लिओटाइड आणि टी७ पॉलिमरेज घालून तो बनवतात. सोबत थोडा दुपदरी आरएनए तयार होतो, तो काढून टाकावा लागतो, नाहीतर शरीर त्याला विषाणू समजून उसळतं.

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तिच्यात एक पायरी पुढची आहे. त्या आरएनएत अल्फाव्हायरसच्या (आरएनए विषाणूंचा एक गट) पॉलिमरेजचाही संकेत असतो, म्हणजे पेशीत गेल्यावर तो आरएनए स्वतःच्या प्रती काढतो. शिवाय ती गोठवून सुकवलेली, २ ते ८ अंशांवर टिकणारी लस आहे.

पीसीआर लावला, पण बँडच येत नाही. एन्झाइम खराब झालं असेल का?

सहसा नाही. टॅकवर सगळ्यात आधी संशय जातो आणि दोष बहुतेक वेळा डीएनएत निघतो.

पहिल्यांदा बघा, पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात बँड नक्की यायला हवा असा तपासणीचा नमुना) आला का. आला असेल तर एन्झाइम, बफर, प्रायमर, यंत्र सगळं ठीक आहे, तुमच्या नमुन्यात काहीतरी आहे. डाळिंबाच्या किंवा आंब्याच्या पानातून डीएनए काढला असेल तर ट्यूबच्या तळाशी बघा. गोळी तपकिरी आणि चिकट दिसते ना? ते पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड, दोन्ही टॅकला अडवतात. सीटॅब बफरमध्ये (वनस्पतींचा डीएनए काढायचं द्रावण) पीव्हीपी (पॉलिफेनॉल बांधून ठेवणारा पदार्थ) घालून, कोवळं पान घेऊन पुन्हा काढा. तोवर एक सोपी गोष्ट करून पाहा: डीएनए दहापट पातळ करून लावा. जास्त डीएनए घातल्यावर न येणारा बँड कमी घातल्यावर येतो, कारण अडथळा आणणारी द्रव्यंही पातळ होतात. रक्ताच्या नमुन्यात हीम आणि हेपॅरिन त्रास देतात, मातीच्या नमुन्यात ह्युमिक आम्ल.

दुसरा संशयित मॅग्नेशियम. मिश्रणात ते १.५ मिलिमोलर असतं. चारही डीएनटीपी (डीएनएचे न्यूक्लिओटाइड ट्रायफॉस्फेट) प्रत्येकी ०.२ धरले तर ते मिळून ०.८ बांधून ठेवतात. उरलं ०.७. आता डीएनए १ मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या टीई बफरमध्ये असेल आणि २५ मायक्रोलिटरमध्ये त्याचे ५ मायक्रोलिटर घातले, तर आणखी ०.२ गेलं. राहिलं ०.५, तेवढ्यावर टॅक कुरकुरतं. डीएनए पाण्यात किंवा साध्या ट्रिसमध्ये घ्या, नाहीतर मॅग्नेशियम थोडं वाढवा.

तिसरं, मिसळणं. टॅक ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं. ते जड आणि चिकट असतं. टिप ट्यूबमध्ये खोल बुडवली तर बाहेरून लागलेलंच एन्झाइम मोजलेल्यापेक्षा जास्त जातं, म्हणून टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून हळू ओढायचं. मिश्रणात सोडलं की ते सरळ तळाशी उतरताना डोळ्यांना दिसतं आणि न हलवता यंत्रात ठेवलं तर तिथेच बसून राहतं. बोटाने ट्यूबला टिचक्या मारून मिसळायचं, मग एकदा फिरवून खाली आणायचं.

आणि उलट तक्रार, म्हणजे पाणी घातलेल्या निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड दिसतो, अशी असेल तर आधीच्या पीसीआरचा डीएनए टेबलावर, पिपेटमध्ये शिरला आहे. जेल चालवायची जागा आणि पीसीआर लावायची जागा वेगळी ठेवल्याशिवाय हा त्रास जात नाही.

पीसीआर यंत्राशिवाय डीएनए वाढवता येतो का?

येतो, एन्झाइम साखळ्या स्वतः उलगडत पुढे जाणारं हवं. बीएसटी पॉलिमरेज ६० ते ६५ अंशांवर हे करतं. जपानमधून २००० मध्ये पुढे आलेली लॅम्प पद्धत त्यावरच चालते आणि तिला साधा गरम पाण्याचा बाथ पुरतो. फाय२९ तर ३० अंशांवर, एकदा बसलं की ७०,००० बेसपर्यंत न उठता चालत राहतं. स्पेनच्या मार्गारिता सालास यांच्या प्रयोगशाळेचं हे देणं. एका पेशीतला डीएनए वाढवायचा असेल तर ते घेतात.

लायगेज, टेलोमरेज, टर्मिनल ट्रान्सफरेज हीही पॉलिमरेजच का?

लायगेज नाही, ते तयार तुकडे जोडतं, नवे बेस घालत नाही. टेलोमरेज हे स्वतःजवळच आरएनए टेम्प्लेट बाळगणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आहे. टर्मिनल ट्रान्सफरेज हे पॉलिमरेज आहे, पण टेम्प्लेट न वाचता ३' टोकाला बेस लावत सुटतं. मरणाऱ्या पेशींतला तुटका डीएनए रंगवायला त्याचा उपयोग होतो.

रात्रभर लाइट गेली, फ्रीजर वितळला. एन्झाइम टाकून द्यायचं?

टॅक आणि पीएफयू टाकू नका. एक रात्र बाहेर राहून त्यांचं सहसा काही बिघडत नाही, कंट्रोल लावून खात्री करा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नाजूक असतं, त्याची तपासणी केल्याशिवाय महत्त्वाचा नमुना त्यात घालू नये. आरएनएचे नमुने बहुधा गेलेच समजा. डीएनटीपी एकदा वितळले म्हणून वाया जात नाहीत, पण पुन्हा पुन्हा वितळवल्याने खराब होतात, तेव्हा ते पहिल्याच दिवशी छोट्या ट्यूबांमध्ये वाटून ठेवावेत. एन्झाइमं उणे २० अंशांवरच ठेवा. तिथे ग्लिसरॉलमुळे ती गोठत नाहीत. उणे ८० वर ठेवली की गोठतात, आणि तसं गोठणं-वितळणं त्यांना मानवत नाही. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर यासाठी चालत नाही, कारण त्यात तापमान सतत वरखाली होत राहतं.